सहा फुटांची मूठ

फ्लेक्सच्या धंद्यात एक इंच म्हणजे एक फूट. दहा फुटी बॅनर काढायचा असला, तर कॉम्प्युटरवर आम्ही तो दहा इंचांचाच काढतो. खरं माप टाकलं की फाईल जड होते आणि माझं मशीन बसल्या जागी झोपी जातं. छापणाऱ्याला हे ठाऊक असतं, कापणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळं कुणी कुणाला विचारत नाही. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडलीय की तिच्यामुळं सगळ्या मुरुम गावात माझं हसू झालं. आणि त्याच हसण्यातून माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम उभं राहिलं. ते कसं, ते सांगायला मी कधीची टपून बसलेय.

मुरुमच्या बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, दहावं, उद्घाटन, सगळ्यांचे चेहरे मीच गोरे करते. चार दुकानं सोडून आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं सलून. लग्न होऊन मी परंड्याकडं गेले आणि नवऱ्याची बदली झाली ती नेमकी मुरुमलाच, त्यामुळं सासरी गेलेली मुलगी दोन वर्षांत परत माहेरच्या गल्लीत. सलून आता माझा धाकटा भाऊ चालवतो. एसी बसवलाय, आरशाभोवती दिवे लावलेत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड.

जुना पोलादी वस्तरा मात्र घरात पत्र्याच्या डबीत असतो. तो आप्पांच्या वडिलांचा. रोजच्या दाढीला तो कधीच बाद झाला. निघतो तो फक्त जावळाला. घरातल्या आणि भावकीतल्या प्रत्येक मुलाचं पहिलं जावळ ह्याच पात्यानं आणि आप्पांच्याच हातानं निघालंय. माझं निघालं, भावाचं निघालं. आता पाळी माझ्या लेकीची होती.

आणि नेमकं तेव्हाच आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली. चार महिन्यांत ती बरीचशी परतही आली, चालणं आलं, जेवणं आलं, शब्द जरा थांबून थांबून का होईना पण आले. आली नाहीत ती दोन बोटं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती वळायची, पण अर्धीच.

एका सकाळी आप्पांनी कुणाला न सांगता डबी उघडली आणि आरशासमोर स्वतःची दाढी करायला बसले. वस्तरा हातातून सुटला आणि फरशीवर पडला. पातं शाबूत राहिलं, पण मूठ मधोमध फुटली. मी गेले तेव्हा ते दोन तुकडे मांडीवर ठेवून बसले होते. अर्ध्या गालाला फेस वाळलेला.

"पोरीचं जावळ कितव्या महिन्यात?" त्यांनी विचारलं.

"अकराव्या. आता दहावा चालूय, आप्पा. नाही जमलं तर तिसऱ्या वर्षी करू. विषम असलं म्हणजे झालं."

"तिसरं वरीस," आप्पा म्हणाले आणि मांडीवरचे दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले. "त्ये कुणी बगितलंय?"

 माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी बडबडायला लागते. "मी करते मूठ," मी म्हणाले. "कॉम्प्युटरवर काढते. तुमच्या हाताच्या मापाची काढते. अशी काढते की ती दोन बोटं नसली तरी चालेल."

हे तोंडातून निघालं आणि मलाच आनंदाची उकळी फुटली. आजवर मी काढलेलं सगळं वाऱ्यावरचं. आठ दिवस चौकात फडफडायचं, नवव्या दिवशी त्याच फ्लेक्सखाली कुणाचातरी कडबा झाकलेला दिसायचा. हातात धरता येईल, वर्षानुवर्षं टिकेल, अशी एकही वस्तू मी काढली नव्हती. त्या दिवशी एका नगरसेवकाचा वाढदिवस तसाच अर्धा ठेवून मी नवी फाईल उघडली आणि नाव दिलं, 'मूठ एक'.

आता कबूल करायला हरकत नाही. त्या आनंदाच्या पाठीमागं एक भीती बसलेली होती. जावळ माझ्या लेकीचं निघणार होतं. थरथरणारा हात माझ्या बापाचा होता, पण टाळू माझ्या पोरीची होती. मी ते कुणाला बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मनात एवढंच धरलं, मूठ इतकी चांगली करायची की भ्यायला जागाच उरणार नाही.

आप्पांचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ फिरवली, फोटो घेतला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि त्यावर वळणं काढायला बसले. ते काम म्हणजे नुसती मजा. रेघेवर बारीक ठिपके असतात, त्यांना आम्ही नोड म्हणतो. एक नोड ओढला की सगळी रेघ लवते. मी चार बोटांसाठी चार खाचा काढल्या, अंगठ्यासाठी एक, अशी भरदार, मुठीत मावणारी मूठ. तीन दिवसांनी पाट्यांच्या हलक्या, जाड सनबोर्डमधून कापली, एकावर एक चार थर चिकटवले, घासली, आणि नाचतच सलूनमध्ये घेऊन गेले.

आप्पांनी ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"ही... कोयत्याची मूठ हाय," ते म्हणाले. "ऊस तोडाय जायचंय का?"

भाऊ दाढी करता करता थांबला, खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. मला असा राग आला की सांगता सोय नाही. "मग कशी असते? धरायला मूठ नको?"

"धरायची न्हाय," आप्पा म्हणाले. "झाकायची."

भावानं वस्तरा आणून दिला. फुटलेल्या मुठीला त्यानं वायरला लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. आप्पांनी तो उघडला आणि हळूहळू बोटं लावून दाखवली. अंगठा खाली. दोन बोटं पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपते त्याच्या मागच्या गोल भागावर. मागं पोलादाची वळलेली शेपटी, तिच्यावर करंगळी. आणि मूठ? मूठ वर आभाळाकडं, शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात नुसती उभी! हात मुठीला धरतच नाही. वस्तरा म्हणजे एका खिळीवर फिरणारं पातं आणि त्याला पोटात घेणाऱ्या दोन पातळ पट्ट्या. टोकाला त्या दोन पट्ट्यांमध्ये पाचर मारलेली असते, तेवढ्यानं त्या एकमेकींपासून लांब राहतात. मूठ उघडी असताना तोल सांभाळायचा आणि मिटली की धार झाकायची, एवढंच तिचं काम.

मी न्हाव्याची पोर. जन्म गेला ह्या दुकानाच्या वासात, आणि मला हे माहीत नव्हतं. माहीत असणार कुठून? दहा वर्षांची झाले आणि घरातून सांगितलं गेलं, आता दुकानात बसायचं नाही, डबा उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत यायचं. उंबऱ्यावरून दिसायची ती आप्पांची पाठ आणि आरशात गिऱ्हाइकाचं तोंड. त्यांची बोटं काय करतात ते माझ्या भावानं बघितलं, मी नाही. हे त्या दिवशी लक्षात आलं आणि मला वाईटही वाटलं आणि चेवही चढला.

'मूठ एक' डिलीट केली. पुढचे आठ दिवस आप्पांना दुकानात माझ्या शेजारी बसवून घेतलं. पण स्क्रीनवर त्यांचं काही जमेना. मी रेघ मोठी करून दाखवायची, लहान करून दाखवायची, फिरवून दाखवायची. ते बघायचे, मान हलवायचे, आणि मग म्हणायचे, "हातात येईना गं ती." काय चुकतंय ते त्यांना कळत होतं, पण सांगायला शब्द वेळेवर येत नव्हते. आले की मी तोवर दुसरीकडं गेलेली असायची. एकदा तर मी जोरात बोलले. "आप्पा, बोट दाखवा ना सरळ कुठं ते!" त्यांनी बोट दाखवलं, ते काचेवर थरथरलं आणि चार नोडांवर एकदम पडलं. मग मी दोघांना चहा मागवला.

शेवटी मी ठरवलं, एक नमुना सोलापुरातून कापून आणू. तिथं लेझरवर ॲक्रेलिक कापणारा एक माणूस आहे, माझ्या पाट्यांची अक्षरं तोच कापतो. लाल रंग सांगितला, फाईल पाठवली. मुठीची लांबी सहा इंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्टँडवरून कंडक्टरचा फोन. "अक्का, तुमचं पार्सल आलंय. बसमधनं काढायला दोन माणसं आणा."

"दोन माणसं कशाला? खिशात मावेल एवढं आहे ते."

"मग खिसा लई मोठा दिसतोय तुमचा."

मी गेले. मधल्या वाटेत, सीटांच्या कडेनं आडवी टाकलेली, लालभडक, चकचकीत, सहा फुटी वस्तऱ्याची मूठ. एक नाही, दोन. डावी आणि उजवी. नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी तिच्यावर पाय ठेवून निवांत बसली होती.

मी तिथूनच सोलापूरला फोन लावला आणि त्या माणसाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "ताई, सहा वर्षं तुमच्या फाईली कापतोय. तुमच्याकडं सहा इंच म्हणजे सहा फूट. आजच काय वेगळं झालं?" फोन ठेवल्यावर मला कळलं की चूक शंभर टक्के माझी होती. फाईलवर 'खरं माप' असं लिहायला हवं होतं, आणि आयुष्यात कधी लिहावं लागलं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं.

भावानं आणि मी ती दोन धूडं डोक्यावर घेऊन भर बाजारातून आणली. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. "काय, हत्तीची दाढी का?" असं एकानं विचारलं आणि भाऊ मुद्दाम गंभीर तोंड करून म्हणाला, "व्हय, उद्या सकाळी नंबर हाय." माझे कान त्या ॲक्रेलिकपेक्षा लाल झाले होते.

सलूनमागच्या मोकळ्या जागेत आम्ही त्या आडव्या टाकल्या. आप्पा काठी टेकत आले. आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी चप्पल काढली. मुठीच्या भोवती एक फेरी मारली. मग दुसरी. उकिडवे बसले, कडेवरून हात फिरवत फिरवत पुढं सरकले. स्क्रीनवर जी रेघ त्यांच्या हातात येत नव्हती, ती आता त्यांच्या पुढ्यात माणसाएवढी पडली होती.

"पातं कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी पळत दुकानात गेले. मोठ्या सनबोर्डवर वस्तऱ्याचं पातं बारा पट मोठं काढलं, कटरनं कापलं. आणून खिळीच्या भोकात जाड खिळा घालून बसवलं, टोकाशी सनबोर्डचाच तुकडा पाचर म्हणून ठेवला. आप्पांनी पायानं ढकलत ते पातं मिटवलं. त्याची धार फिरत फिरत आली आणि टोकाजवळच्या पाचरीवर जाऊन आपटली.

"हितं," आप्पा म्हणाले. एकदम, न थांबता. "हितं मरतीया धार. रोज मिटताना आसं आपटलं तर धा दिसात वस्तरा बोथट."

मी आ वासून बघत राहिले. सहा इंचांत ही चूक ज्वारीच्या दाण्याएवढी होती, मला कधी दिसलीच नसती.

"मग भोक कुठं पाहिजे?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. खडू नव्हता. भावानं पेन पुढं केलं, पण पेन त्या बोटांत राहीना. मग आप्पा हसले आणि म्हणाले, "ब्रश आण." भाऊ दाढीचा ब्रश आणि फेसाची वाटी घेऊन आला. त्या हातात पेन राहत नव्हतं, पण ब्रश राहिला. पन्नास वर्षं राहिलेला होता तो. आप्पांनी लालभडक मुठीवर पांढऱ्या फेसानं खिळीची नवी जागा काढली, जुन्या भोकापासून चार बोटं पुढं. मग बेचक्याच्या जागी, जिथं शेवटची दोन बोटं येतात तिथं, आतल्या अंगाला एक लांबट खळगा काढला. ती बोटं अर्धीच वळतात ना, मग मुठीनं स्वतःच त्यांच्यात येऊन बसावं असा. मग टोकाशी गेले आणि पाचरीवर फेसाचा भला मोठा गोळा ठेवला.

"वजन," ते म्हणाले. "मागं वजन पायजे. म्हंजी म्होरं हालत न्हाय."

मी स्टुलावर चढले, स्टूल बाकड्यावर, भावानं पाय धरले, आणि फेस विरायच्या आत वरून फोटो काढला. तोच फोटो स्क्रीनवर टाकून, फेसाच्या रेघेवरून माझी रेघ ओढली. चार बोटं म्हणजे खऱ्या मापात साधारण सहा मिलिमीटर. त्या संध्याकाळी फाईलला नाव दिलं, 'आप्पांची मूठ', आणि मी इतकी खुशीत होते की नगरसेवकाच्या फोटोला चुकून दोनदा गोरं केलं.

मग पुढं सगळं धडाधड झालं. सलूनमधली पहिली लाकडी खुर्ची माळ्यावर पडून होती, तिचा शिसवी हात काढला. सुतारानं त्याच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या पाडल्या. सोलापूरला पट्ट्या पाठवल्या आणि फाईलवर चार ठिकाणी लिहिलं, 'खरं माप, खरं माप'. त्या माणसानं तरी मेसेज केलाच, "सहा इंच म्हणजे सहा इंचच ना, ताई?" लेझरनं कडा काळ्या पडून पट्ट्या आल्या, तर लाकडाला अजून जुन्या तेलाचा वास होता. पाचर दुकानाच्या जुन्या पितळी कुलपातून कापली. खिळीला पितळेची तार. ठोकाठोकी भावानं केली, घासणं मी केलं, आणि आप्पा खुर्चीत बसून दोघांनाही शिव्या घालत होते.

पातं बसवलं. आप्पांनी वस्तरा कानाशी धरला आणि हळूच मिटला. मग आमच्याकडं बघितलं.

"आवाज?" मी विचारलं.

"न्हाय आला," ते म्हणाले. धार कुठंच टेकली नव्हती. मी भावाच्या पाठीत एवढा जोरात गुद्दा घातला की तो खोकायला लागला.

त्या लाल धुडातली एक मूठ भावानं सलूनवर पाटीसारखी टांगली. आजही आहे.

पण मूठ चांगली झाली म्हणजे हात चांगला झाला असं नव्हे. ते बघायला फुगे. नवशिक्या न्हाव्याला आधी फुग्यावर शिकवतात. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि तो फुटू न देता फेस उतरवायचा. वाढदिवसांच्या सजावटीमुळं फुगे माझ्याकडं पोत्यानं. मी लेकीला घेऊन समोर बसले. आप्पांनी पहिला फुगा घेतला, फट! दुसरा, फट! लेक खदखदून हसली, टाळ्या पिटायला लागली. मला हसू येईना. प्रत्येक आवाजाला माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर जात होता. आप्पांनी ते बघितलं असेल. त्यांनी पुढचा फुगा उचलला.

रोज सकाळी दहा फुगे. आठवड्यानं दहातले सहा वाचायला लागले. मग आठ. बेचक्यातल्या त्या खळग्यात मूठ बसायची, मागचं पितळ तिला ओढून धरायचं आणि पातं पुढं सरळ चालायचं. एके दिवशी दहाच्या दहा फुगे चिकणे, फेस उतरलेले, एकही फुटला नाही. आम्ही आनंदानं ओरडलो. लेकीला मात्र फार वाईट वाटलं. फुटतच नाहीत म्हणून ती भोकाड पसरून रडली.

अकरावा महिना लागला आणि जावळाचा दिवस ठरला, सोनारीला, सासरच्या काळभैरवापाशी. निघायच्या आदल्या दिवशी मी भावाला सलूनच्या मागं गाठलं.

"तुझा ब्लेडचा वस्तरा खिशात ठेव," मी म्हणाले. "आप्पांचा हात जरा जरी हलला, तर काहीतरी निमित्त काढ आणि तू कर. त्यांना कळता कामा नये."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. "ताई, मूठ तूच केलीस की."

"मूठ मी केली. पोरगीपण माझीच आहे."

 त्यानं मान डोलावली.

सोनारीला देवळासमोर पारावर सगळे जमलेले. भिंतीवर माकडं नारळाकडं डोळे लावून बसलेली. रीतीप्रमाणं लेक मामाच्या मांडीवर, म्हणजे माझ्या भावाच्या. समोर नवं उपरणं पसरलेलं. आप्पांनी कोमट पाण्यानं तिचं डोकं भिजवलं, चांगलं, वेळ घेऊन. मग वस्तरा उघडला. मूठ वर उभी राहिली, खुर्चीच्या हाताचं ते जुनं शिसव उन्हात काळंभोर चमकलं. माझ्या सासूबाई कुणालातरी म्हणाल्या, "मूठ आमच्या सुनेनं काढलीय." मला ते ऐकूही आलं आणि आलंही नाही. मी लेकीच्या कपाळाकडं बघत होते.

आप्पांनी डावा तळहात तिच्या डोक्यामागं लावला. पातं कपाळाच्या वर टेकलं. आणि सरकलं. एक बट उपरण्यावर पडली. पुन्हा टेकलं, सरकलं, दुसरी. तिसरी. मागं नितळ पांढरट कातडी, एकही ओरखडा नाही. लेक माकडाकडं बघत होती, तिला पत्ताच नाही. मी श्वास सोडला, तर डोळ्यांतून पाणीच आलं. जमलं होतं! माझी रेघ, माझी मूठ, माझा बाप, माझी पोर, सगळं जमलं होतं.

आप्पांनी चौथ्यांदा पातं टेकवलं नाही. वस्तरा कानाशी नेऊन मिटला.

"बास," ते म्हणाले. "मामाच्या मांडीवर आज्याच्या हातनं निघालं. झालं काम." मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "पोरगी दी हिकडं. आन् तुझ्या खिशातला काढ आता. मगापासनं मांडीला टोचत आसंल."

भावाचं तोंड उतरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. पार दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. भावानं लेकीला आप्पांच्या मांडीवर दिलं, खिशातून ब्लेडचा वस्तरा काढला आणि उरलेलं जावळ उतरवायला लागला. आता मात्र तिला कळलं आणि ती रडायला लागली. आप्पांनी तिला छातीशी धरलं. त्यांची ती दोन अर्धी बोटं तिच्या पाठीवर टेकलेली होती.

सगळं झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. 

"आप्पा, चुकलं माझं."

"कशापायी? आई हायेस. भ्यायलाच पायजे." उजवा हात त्यांनी डाव्यानं चोळला.  "तिसऱ्या बटंला हात थकला. कळलं मला. म्याबी भ्यालतो."

मग त्यांनी मिटलेला वस्तरा माझ्या हातात ठेवला. ज्याची मूठ मी घासली, पण जो आजवर कुणी माझ्या हातात दिला नव्हता, तो. लेकीचं गुळगुळीत डोकं त्यांनी एकदा तळहातानं पुसलं आणि म्हणाले, "तिसरं वरीस आता कुणीबी बगू दी."